दुखतं की नुसतं रक्त पडतं? मूळव्याध, फिशर आणि भगंदर यांतला फरक

संडासच्या जागी काहीही झालं की आपल्याकडे त्याला एकच नाव मिळतं. रक्त पडलं, मूळव्याध. आग झाली, मूळव्याध. धुताना हाताला कोंब लागला, मूळव्याध. बाजूला फोड येऊन फुटला तरी तीही मूळव्याधच. मग त्या नावावर मेडिकलमधून एक ट्यूब येते, कुणी सांगितलेला पाला येतो, स्टँडजवळच्या पाटीवरचा ‘खात्रीशीर इलाज’ होतो, आणि तीन-चार महिने निघून जातात. जागा अवघड, बोलायची लाज, त्यामुळे घरातही कुणाला पत्ता नसतो.

ही एक नाही, पाच-सहा वेगवेगळी दुखणी आहेत. एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्यावर वाया जातो, आणि एका दुखण्यात तर वाट बघणं जिवावर बेततं. बहुतेक वेळा चार प्रश्नांची उत्तरं नीट दिली की निम्मं निदान होतं: दुखतं का आणि नेमकं कधी? रक्त कसं पडतं? गाठ किंवा कोंब असेल तर तो कसा आहे? पू किंवा ओल येते का?

दुखणं आणि न दुखणं कशावर ठरतं

गुदमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटर लांबीचा असतो. त्याच्या साधारण मध्यावर, तोंडापासून सुमारे २ सेंटीमीटर आत, दातेरी काठासारखी एक रेषा असते. या रेषेच्या वरचं अस्तर आतड्याचं असतं. तिथे कापलं तरी टोचल्याची वेदना कळत नाही. रेषेच्या खाली मात्र कातडी असते आणि तिथल्या नसा बोटाच्या टोकाइतक्या हळव्या असतात.

त्यामुळे आतली मूळव्याध भरपूर रक्त टाकते पण दुखत नाही, आणि अर्ध्या सेंटीमीटरची चीर माणसाला रडवते. ज्यांना शौचाच्या वेळी असह्य दुखतं ते बहुधा मूळव्याधीचे रुग्ण नसतातच, हे अनेकांना पटत नाही. पण खरं तसंच आहे.

खरी मूळव्याध

गुदमार्गाच्या आत रक्तवाहिन्यांच्या तीन मऊ गाद्या जन्मापासून सगळ्यांनाच असतात. वारा आणि पातळ मल धरून ठेवायला त्यांची मदत होते. वर्षानुवर्षं कुंथल्याने, खडा झालेल्या मलाने, गरोदरपणातल्या दाबाने या गाद्यांचा आधार सैल पडतो, त्या फुगतात आणि खाली सरकतात. ही झाली मूळव्याध.

रक्त लालभडक असतं. मल पडून गेल्यावर थेंब थेंब गळतं, कधी पिचकारीसारखं भांड्यावर उडतं. मलात मिसळलेलं नसतं. पहिल्या पायरीवर फक्त रक्त येतं. दुसरीवर कुंथताना कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीवर तो बोटाने आत ढकलावा लागतो. चौथीवर तो बाहेरच राहतो. पहिल्या दोन पायऱ्यांवरचे बहुतेक लोक मल मऊ ठेवून आणि कुंथणं सोडून बरे राहतात. रक्त थांबत नसेल तर सर्जन कोंबाच्या मुळाशी रबराचं छोटं कडं बसवतात. भूल लागत नाही, कारण कडं त्या दातेरी रेषेच्या वर बसतं. कडं बसवताच जोरात दुखलं तर ते खाली, हळव्या भागात बसलं आहे असं समजून तिथल्या तिथे सांगावं, ते काढून पुन्हा वर बसवता येतं. ५ ते १० दिवसांत कोंब वाळून कड्यासकट पडतो आणि त्या दिवशी थोडं रक्त येऊ शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ही गोष्ट कडं बसवण्याआधीच सांगायला हवी. कड्यानंतर ताप आला, दुखणं वाढत गेलं किंवा लघवी अडली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिसऱ्या-चौथ्या पायरीला बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागते.

मूळव्याधीत एक दुखरा प्रकारही आहे. बाहेरच्या कडेला अचानक, एका दिवसात, द्राक्षाएवढी निळसर टणक गाठ येते आणि बसवत नाही. तिथल्या शिरेत रक्त गोठलेलं असतं. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट, मग ठणका उतरत जातो आणि आठ-दहा दिवसांत माणूस सावरतो. फार दुखत असेल तर पहिल्या ७२ तासांत सर्जन ती गाठ काढून देतात, लगेच आराम पडतो. त्यानंतर आलात तर काढण्यापेक्षा शेक आणि वेदनाशामक गोळ्या यांवर निभावणं बरं, कारण उतरणीला लागलेलं दुखणं कापून पुन्हा ताजं करण्यात अर्थ नसतो. ही गाठ घरी सुईने फोडू नका.

फिशर: चिमूटभर चीर, दिवसभराची आग

‘संडासला काच फुटल्यासारखं होतं’ असं रुग्ण सांगतो तेव्हा नव्वद टक्के निदान तिथेच झालेलं असतं. मल बाहेर येताना चर्रकन कापल्यासारखं दुखतं. मग थोडा वेळ बरं वाटतं आणि त्यानंतर आग, ठणका सुरू होतो, तो अर्धा तास ते चार-पाच तास पुरतो. रक्त थोडंच असतं: मलावर एक लाल रेघ किंवा पुसल्यावर डाग.

चीर बहुतेक वेळा पाठीमागच्या बाजूला, बरोबर मध्यावर असते. ती भरून का येत नाही हे समजलं तर उपचाराला चिकटून राहणं सोपं जातं. दुखलं की आतला वर्तुळाकार स्नायू आवळून बसतो. तो आपल्या मर्जीने सैल सोडता येत नाही. आवळलेल्या स्नायूमुळे चिरेला रक्तपुरवठा कमी पडतो, म्हणून ती भरत नाही. दुखण्याच्या भीतीने माणूस शौचाला जाणं टाळतो, मल आत सुकतो, खडा होतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच चीर पुन्हा उघडते.

म्हणून औषधाचं खरं काम चीर बुजवणं नसून स्नायू सैल करणं आहे. त्यासाठी डॉक्टर बहुधा २ टक्के डिल्टियाझेमचं मलम लिहून देतात. वाटाण्याएवढं मलम दिवसातून दोनदा, गुदद्वाराच्या कडेला आणि जेमतेम १ सेंटीमीटर आत लावायचं, ६ ते ८ आठवडे. इथेच बहुतेकांचं चुकतं. पाचव्या दिवशी दुखणं कमी होतं, ट्यूब बाजूला पडते आणि पंधरा दिवसांनी सगळं मूळपदावर येतं. नायट्रोग्लिसरीनचं मलम दिलं असेल तर डोकं दुखू शकतं, आणि लैंगिक ताकदीसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेत असाल तर हे मलम अजिबात चालत नाही, रक्तदाब धोकादायक खाली जातो. बधिरपणाचं किंवा स्टेरॉइडचं दुकानातून आणलेलं मलम आठवड्यापेक्षा जास्त लावू नये, स्टेरॉइडने कातडी पातळ होते.

चीर दीड-दोन महिन्यांपेक्षा जुनी झाली की तिच्या बाहेरच्या टोकाला कातडीचा एक छोटा कोंब उगवतो. धुताना तो बोटाला लागतो आणि ‘मोड आलाय’ असा समज होतो. ही मूळव्याध नव्हे. नुसता तो कोंब कापून किंवा जाळून घेतला तर आतली चीर तशीच राहते, पैसे जातात आणि दुखणं राहतं. मलमाने न भरलेल्या जुन्या फिशरवर स्नायूला छोटा छेद देण्याची शस्त्रक्रिया फार चांगली लागू पडते. मात्र त्यानंतर काही थोड्या लोकांना वारा धरून ठेवणं अवघड जातं. बाळंतपणात जागा फाटलेल्या बायकांनी हे सर्जनशी आधी मोकळेपणाने बोलून घ्यावं.

चीर मध्यावर नसून बाजूला असेल, अनेक असतील किंवा तिथे खोल व्रण असेल, तर डॉक्टर क्षयरोग, क्रोन्सचा आजार (आतड्याला येणारी जुनाट सूज), एचआयव्ही, सिफिलिस, क्वचित कॅन्सर यांच्या तपासण्या सांगतात. त्याला घाबरून डॉक्टर बदलू नका, तपासणी करून घ्या.

घरी काय करायचं, आणि नीट कसं

मूळव्याध आणि फिशर दोन्हींत निम्मा इलाज मल मऊ ठेवण्यात आहे. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत. ज्वारीची एक मध्यम भाकरी सुमारे ५ ग्रॅम देते. पालेभाजी, मोड आलेली मटकी, पेरू, सालासकट फळं यांनी बाकीचं भरतं. मैद्याचा पाव, बिस्किटं आणि चहा यांवर दिवस काढला तर भरत नाही.

इसबगोल बहुतेक जण चुकीचा घेतात. पोह्याचा एक चमचा शीग लावून, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, मोठ्या पेल्यातल्या २५० मिलिलिटर पाण्यात ढवळायचा आणि फुगायच्या आत प्यायचा. वर आणखी एक पेला पाणी. दोन घोट पाण्यासोबत कोरडा गिळला तर तो घशात किंवा आतड्यात चिकटून अडतो आणि बद्धकोष्ठता वाढते. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी पोट फुगल्यासारखं वाटलं तर निम्म्या चमच्यापासून सुरुवात करा. सोनामुखीची चूर्णं आणि जुलाबाच्या गोळ्या रोज घेऊ नयेत. त्यांनी मुरडा येतो, आणि पातळ मलानेही चीर भरत नाही. खूप खडा होत असेल तर डॉक्टर रात्री १५ ते ३० मिलिलिटर लॅक्ट्युलोज देतात.

शेक घ्यायचा तो टबात किंवा पसरट घमेल्यात. कोपर बुडवलं की सुखद लागेल इतकंच पाणी गरम. बेंबीखालचा भाग बुडेल असं १० ते १५ मिनिटं बसायचं, दिवसातून दोन-तीनदा, त्यातलं एकदा शौचानंतर लगेच. ऊब आवळलेला स्नायू सैल करते, सारं काम तिचंच. डेटॉल, पोटॅशियम परमँगनेट, तुरटी, मीठ काही घालू नका. चिरलेल्या कातडीला डेटॉल लागून भाजल्याचे प्रकार होतात. नंतर मऊ फडक्याने टिपायचं, घासायचं नाही.

संडासात पाच मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, फोन बाहेर ठेवा. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्या. लोहाच्या गोळ्या आणि कोडीन-ट्रॅमाडोलसारखी वेदनाशामकं मल घट्ट करतात. त्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून सोबत मल मऊ करणारं औषध घ्या.

गळू आणि भगंदर

इथे दुखण्याचा शौचाशी संबंध नसतो. गुदद्वाराशेजारी ठणका सुरू होतो, बसलं तरी, झोपलं तरी, खोकलं तरी दुखतं, आणि दर दिवशी वाढतं. जागा लाल, गरम, टणक होते, ताप येतो, थंडी वाजते. हे गळू आहे. आतल्या छोट्या ग्रंथीत जंतू शिरून पू साठतो. कधी तो इतका खोल असतो की बाहेर काहीच दिसत नाही, फक्त ताप आणि ठणका असतो.

पू साठला की तो बाहेर काढावाच लागतो. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी ताप दोन दिवस दबतो आणि पू आत रस्ता शोधत पसरतो. म्हणून ‘पिकू द्या, मग बघू’ हा सल्ला इथे चुकीचा आहे. मधुमेह असलेल्यांनी तर एक रात्रही थांबू नये. त्यांच्यात हा जंतुसंसर्ग कातडीखालून जांघेपर्यंत, अंडकोषापर्यंत झपाट्याने जातो, कातडी काळी पडते, घाण वास येतो, आणि जीव वाचवायला मोठी शस्त्रक्रिया लागते.

गळू फुटल्यावर किंवा चिरा देऊन निचरा झाल्यावरही अनेकांत आतून बाहेर एक बोगदा उरतो. तेच भगंदर, गावाकडचं भगेंद्र. ओळख सोपी आहे: गुदद्वाराशेजारी पुळीएवढं तोंड, त्यातून पू-पाणी येऊन कपडे डागाळतात, मध्येच तोंड बंद होतं, ठणका लागतो, पुन्हा फुटतं, बरं वाटतं. हे चक्र महिनोन्‌महिने, वर्षंही चालतं. भगंदर औषधाने बरं होत नाही. बोगदा स्नायूतून कसा गेला आहे त्यावर उपाय ठरतो: उथळ असेल तर उघडून टाकतात, खोल असेल तर स्नायू वाचवत टप्प्याटप्प्याने जातात. गुंतागुंतीचा किंवा पुन्हा उद्भवलेला असेल तर आधी एमआरआय करावा. आपल्याकडे क्षयरोगही याचं एक कारण असल्याने काढलेला तुकडा तपासणीला पाठवायला सर्जनना सांगायला हरकत नाही.

क्षारसूत्र हा आयुर्वेदातला उपचार भगंदरासाठी खराच उपयोगी आहे. स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थर दिलेला दोरा बोगद्यातून ओवतात आणि दर आठवड्याला बदलतात. तो हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते. पण तो शल्यतंत्रात शिकलेल्या वैद्यांकडून, नीट तपासून घ्यावा. पदवी न सांगता खोलीत बोलावून ‘एका इंजेक्शनमध्ये मुळासकट’ म्हणणाऱ्याकडून नव्हे. असल्या इंजेक्शनांत नेमकं काय असतं ते तो सांगत नाही, आणि जळून आवळलेला गुदमार्ग पूर्ववत करणं फार कठीण असतं.

खाज आणि अंग बाहेर येणं

नुसती खाज असेल तर बहुधा साबण, ओल आणि जास्त घासणं कारण असतं. साबण बंद करून कोरडं टिपत राहिलं की दोन आठवड्यांत फरक पडतो. लहान मुलाला रात्रीच खाज सुटत असेल तर जंत. डॉक्टर अल्बेन्डाझोल देतात, दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा, आणि घरातल्या सगळ्यांना. कोंबाऐवजी गोल गोल वळ्या असलेली लाल नळीच बाहेर येत असेल तर तो गुदभ्रंश, त्याची तपासणी वेगळी आणि सर्जनकडेच.

रक्त पडलं की आधी एक बोट आत

आम्हाला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते हेच. मूळव्याधीचा कॅन्सर होत नाही. पण मूळव्याध असलेल्या माणसाला वर गुदाशयात, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागात, कॅन्सर असू शकतो, आणि दोन्हींत रक्त लालच दिसतं. ‘माझी जुनी मूळव्याध आहे’ म्हणत ट्यूब लावत बसलेल्या माणसाचे सहा महिने असेच जातात. हे फक्त म्हाताऱ्यांना होतं असंही नाही, तिशी-चाळिशीतले रुग्णही येतात.

फरक पुढच्या गोष्टींत दिसतो. रक्त मलात मिसळलेलं, गडद, आवेसोबत. शौचाची सवय बदलणं, म्हणजे काही आठवड्यांपासून कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब. जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखं वाटून पुन्हा पुन्हा जावं लागणं. मल पेन्सिलीसारखा बारीक होणं. वजन उतरणं, कारण नसताना रक्त कमी निघणं. यातलं काही असेल, वय चाळिशीपुढे असेल, किंवा आई-वडील, भाऊ-बहिणींपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर कोलोनोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासण्याचा, विषय डॉक्टरांकडे आपणच काढावा.

गुदाशयातल्या बऱ्याच गाठी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोटाला लागतात. बोट ७ ते ८ सेंटीमीटर आत पोचतं. म्हणून बोटाने न तपासता ‘मूळव्याध’ लिहून मलम दिलं, तर ते निदान अर्धवट आहे, आणि तपासून घ्यायचा आग्रह धरणं हा तुमचा हक्क आहे.

आजच निघा, उद्या नको

ठणक्यासोबत ताप. गाठी पडतील इतकं रक्त, चक्कर, घाम. बाहेर अडकलेला, आत न जाणारा, काळपट झालेला कोंब. लघवी अडणं. डांबरासारखा काळा, चिकट, घाण वासाचा मल, कारण ते रक्त बहुधा जठरातून येत असतं आणि मूळव्याधीशी त्याचा संबंध नसतो. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळसर होतो, पण चिकट डांबर होत नाही.

पहिल्यांदाच रक्त दिसलं असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर एक-दोन आठवड्यांत दाखवलं तरी चालेल. फिशरला घरगुती उपायांनी दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर दाखवा. वाहणारी पुळी दुखत नसली तरी सर्जनकडे जावंच.

तपासणीत काय होतं

भीती तपासणीचीच जास्त असते, म्हणून तेवढं सांगतो. डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, अंगावर चादर असते. आधी नुसतं पाहतात. फिशर बहुधा इथेच दिसतं. मग हातमोजा, जेली, एक बोट. त्या वेळी तोंड उघडून श्वास सोडत राहिलात तर जागा सैल पडते. मग बोटभर लांबीची नळी, तिचं नाव प्रॉक्टोस्कोप, तिच्यातून आतले कोंब दिसतात. दोन-तीन मिनिटांत सगळं आटोपतं. उपाशी राहायची गरज नसते. ताजं, फार दुखरं फिशर असेल तर बोट आणि नळी त्या दिवशी घालत नाहीत, पण दुखणं उतरल्यावर ती तपासणी राहून जाऊ देऊ नका. बायकांना सोबत स्त्री परिचारिका मागता येते. जिल्हा रुग्णालयांत सर्जरीच्या ओपीडीत ही तपासणी होते.

आत गेल्यावर ‘मला मूळव्याध आहे’ असं म्हणू नका. दुखणं शौचाच्या वेळी की दिवसभर, रक्त थेंब की रेघ की मिसळलेलं, कोंब आत जातो का, ओल येते का, किती दिवसांपासून, शुगर आहे का, रक्त पातळ करणाऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या आणि तो कागद तसाच टेबलावर ठेवा. लाजेने तोंडातून शब्द निघाला नाही तरी चालतं.